शी म्हंजे कविता

८ जानेवारी १९८४, रविवार
नागनाथ गुरुजी जपानला गेल्यापासून जपानीचा वर्ग आमीच बाया चालवायलाव. तिकडच्या बौद्ध मंडळीनं तीन म्हैन्यासाठी बोलावलंय, कविता शिकायला. म्या विहाराचं कुलूप काढते, सतरंजी हातरते, गुरुजींनी शिकवलेली अक्षरं फळ्यावर काढते. चौथी पास मास्तरीन! लिंगम्माक्का घरून चहा आणती. फुलाला तिकडं ‘हाना’ म्हनतेत. शोभाबाई म्हनली, “कुनाला हानू?” झाला वर्ग.
गुरुजींची बायको इंदिरावैनी दारापशी ज्वारी निवडत बसती. म्हनलं, “वैनी, नवरा जपानी होऊन आला की तुमाला वळखंल का?” हसली नुसती.

१९ जानेवारी
जपानचं कार्ड आलं, विहाराच्या पत्त्यावर. अक्षर गुरुजींचं न्हाई — ज्यांच्या घरी उतरलेत त्यांचं असंल. आमाला कळावं म्हनून मोठं मोठं काढलंय. पहिली ओळ लागली: सेन्सेई नो शी. सेन्सेई म्हंजे गुरुजी. शी म्हंजे कविता. हा शब्द शिकवला तवा पदरात तोंड घालून हसलाव — आमच्यात लेकरं परसाकडं बसताना म्हनतेत ते.
म्हंजे गुरुजींची कविता! खालच्या दोन ओळी काय मला लागल्या न्हाईत. तीच कविता असंल. वस्तीभर सांगत फिरले. वैनीच्या हातावर साखर ठिवली. “तुमच्यावरच केली असंल, लाजू नका.”
तिनं कार्ड लई येळ बघितलं. मग साखर खाल्ली.

२२ जानेवारी, रविवार
सगळ्या मागं लागल्या — कविता वाच, कविता वाच. म्हनून गुरुजींची शब्दांची वही काढली.
शी — कविता.
त्याच्या खाली, शी — चार.
त्याच्या खाली, शी — मरण.
वही मिटली. म्हनलं, डोळे दुखायलेत. दारातून वैनी म्हनली, “कोंडाबाई, कामून गप झालीस गं?”

२३ जानेवारी
साखर दिली म्या. ह्या हातानं.
माझा नवरा गेला तवा सांगायला चार गडी आलते. हिला सांगणारी मी एकली. गेले तिच्या दारापतूर. “काय पायजे?” म्हनली. म्हनलं, विळा. विळा घिऊन आले.

२५ जानेवारी
विळा वापस केला. सांगितलं न्हाई.

२७ जानेवारी
लिंगम्माक्का इचारती, गुरुजी आल्यावर हार झेंडूचा करायचा का शेवंतीचा. शेवंतीचा म्हनलं. सारा जन्म लोकांची टिंगल केली, पन असलं खोटं कवा बोलले न्हवते.

२९ जानेवारी, रविवार
वर्ग सुटल्यावर वैनीचा हात धरला. बोलायला तोंड उघडलं, तर तीच म्हनली, “खालच्या दोन ओळी म्या त्याच दिशी वाचल्या, घरी ह्यांनीच शिकवलंतं. पाच तारखेला गेले, झोपंत. तसं लिवलंय.”
मग म्हनली, “धा दिस जास्ती बांगड्या घालून घेतल्या, एवढंच.”