पाठीमागची बटणे

शाजिया आपा,

मला आज दुकानात लवकर जावे लागत आहे. संध्याकाळच्या दावतीसाठी जुनेराचा हिरवा फ्रॉक पलंगावर ठेवला आहे.

तुमच्या माँटेसरी वर्गात यायला लागल्यापासून ती पाणी स्वतः ओतून घेते, बूट स्वतः घालते. याबद्दल मी मनापासून शुक्रगुजार आहे. पण काल तिचे केस विंचरायला गेले, तर म्हणाली, "अम्मी, हात नको लावू! शाजिया फूफीसारखी लांब बसून बघ." आणि विंचरून झाल्यावर दाखवायला मात्र तुमच्याकडेच धावली.

म्हणून हा फ्रॉक मी मुद्दाम शोधून आणला. त्याची बटणे पाठीमागे आहेत. तिचा हात तिथे पोचणार नाही. तुम्हीही लावू नका, आपा. नेहमीप्रमाणे लांब बसून बघा. मगरिबच्या आत, दिवस मावळण्यापूर्वी मी येते. बटणे मीच लावीन.

सायरा