तुलनेच्या गटातल्या खुर्च्या

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेतून जो आवाज आला तो तुझ्यापर्यंत पोचला असेलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणणाऱ्या डॉक्टरांनाच तू चार शब्द ऐकवलेस, असं भाच्याकडून कळलं. तोही इतक्या लांब नोकरीला, त्याला ते तुझ्याकडून फोनवर कळलं. असो. माझी तब्येत उत्तम आहे, आणि हे मी म्हणत नाही, विद्यापीठ म्हणतं.

त्याचं असं झालं. तू रोज सकाळी जे ताजं संशोधन फोनवर पाठवतेस ते मी मनापासून पाळत आलो आहे. हसल्यानं रक्तदाब उतरतो असं पाठवलंस, तेव्हा मी दुकानात रंधा मारता मारता एकटाच हसत सुटलो आणि कपाट करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. डाव्या हातानं कामं केली की मेंदू तल्लख राहतो असं पाठवलंस, त्याचा पुरावा माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून काळानिळा आहे. मग आलं एकटेपणाचं. एकट्या माणसाचं हृदय लवकर थकतं, सबब मी सुतारकामाचं दुकान विकून तुझ्याकडे राहायला यावं, असा तू निकाल दिलास. मी नाही म्हटलं, तू हो म्हटलंस. (आपल्या घरात याला चर्चा म्हणतात.) शेवटी ठरलं, की विद्यापीठात एकटेपणावर प्रयोग चालू आहे, त्यात मी नाव घालावं, आणि त्यांनी मला एकटा ठरवलं तर मुकाट्यानं गाशा गुंडाळावा. ही गेल्यापासून घर फार मोठं झालंय, हे मला कबूल आहे. पण दुकान सोडायचं या विचारानं मी त्या रात्री एकेक रंधा पुसत बसलो होतो, हेही खरंच.

प्रयोगाच्या बाई वयानं लहान, पण कपाळावरच्या आठ्या एखाद्या मुख्याध्यापकाच्या. त्यांनी समजावलं, की निम्म्या लोकांना दर आठवड्याला एक हसतमुख माणूस फोन करून गप्पा मारेल आणि उरलेल्यांना काहीच मिळणार नाही. या उरलेल्यांना तुलनेचा गट म्हणतात. म्हणजे औषध न देता ‘आता बरं वाटतंय का’ असं विचारण्यासाठी ठेवलेली माणसं! मी अर्थातच त्यांच्यात. (लहानपणी खाऊ वाटताना माझा नंबर कुठे यायचा ते आठव. वाटणारी तूच असायचीस.) दर गुरुवारी जायचं, बाहेरच्या खोलीत थांबायचं, आणि आठवडाभर किती एकटं वाटलं याला गुण देऊन घरी यायचं, एवढंच आमचं काम.

आता त्या खोलीतल्या खुर्च्या. सगळ्या एका ओळीत, लांब लांब, तोंडं भिंतीकडे, आणि एकूणएक डुगडुगणाऱ्या. ताई, डुगडुगणारी खुर्ची बघून गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही, आणि तिच्यावर बसून तर अशक्यच. पुढच्या गुरुवारी मी सरस आणि स्क्रू घेऊन गेलो. खुर्ची उलटी केली की पाय धरायला दुसरा माणूस लागतो. तिथे एक ट्रक चालवून निवृत्त झालेले गृहस्थ होते (आवाजामुळे आम्ही त्यांना हॉर्न म्हणतो), त्यांनी पाय धरला. एक स्क्रू काही केल्या निघेना, तेव्हा कोपऱ्यातल्या बाई पुढे आल्या. त्या दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी स्क्रूला ‘दुखणार नाही हं’ म्हटलं आणि काढला. पुढे लक्षात आलं की फरशी भिंतीकडे उतरती आहे, म्हणून चारही पाय टेकावेत एवढ्याच हेतूनं मी खुर्च्या मधोमध गोल मांडल्या. आम्ही आपसात बोलू नये म्हणून त्या मुद्दाम तशा ठेवल्या होत्या, हे मला कोणी सांगितलंच नाही. (भिंतीवर तशी पाटी होती म्हणे. पण तिची चौकट वाकडी होती, म्हणून ती मी दुरुस्तीला दुकानात आणली होती.)

मग काय, लोक लवकर यायला लागले आणि उशिरा जायला. हॉर्न रस्त्यावरचे किस्से सांगायचे, आम्ही तोंड उघडून हसायचो आणि दातांच्या बाई तेवढ्यात कोणाची दाढ किडलीय ते बघून घ्यायच्या. इकडे फोनवाला गट ऐन झोपेच्या वेळी फोन येतात म्हणून कावलेला, आणि ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं त्यांचा एकटेपणा मात्र दर आठवड्याला खाली. प्रयोगाच्या बाईंनी शेवटी दार उघडून पाहिलं. खुर्च्या पाहिल्या, भिंतीवरचा पाटीचा मोकळा खिळा पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. सगळी मेहनत पाण्यात गेली, म्हणाल्या. ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एक खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, ‘बाई, आधी बसून तर घ्या.’ त्या बसल्या. खुर्ची हलली नाही. मग त्या जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. या गावात आल्यापासून कोणाशी एवढं बोलले नव्हते, असं डोळे पुसत म्हणाल्या. पुढे त्यांच्या सरांनी सगळं ऐकलं आणि पोट धरून हसले. घडलं ते जसंच्या तसं लिहा, म्हणाले. आता पुढचा प्रयोग खुर्च्यांवरच आहे.

तात्पर्य, मी एकटा नाही असं शास्त्रानं ठरवलं. दुकान राहिलं. तू हरलीस, आणि हे मी तुला लेखी कळवतो आहे, कारण तोंडी सांगायला गेलो असतो तर तू बोलू दिलं नसतंस.

तुझा,
धाकटा

ता. क. : जिंकल्याचा आव आणला, रागावू नकोस.

ता. क. २ : तिथले प्रश्न वाचताना एक गंमत व्हायची. ‘सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी कोणाची आठवण येते? दिवसभरात कोणाशी बोलता?’ मला माझी उत्तरं सुचायचीच नाहीत, तुझीच सुचायची. रोज सकाळी ते संशोधन येतं ना, ते मी आता वाचत नाही. आलं एवढंच बघतो. परवा तासभर उशिरा आलं, तर माझं कामात लक्ष लागेना.

ता. क. ३ : दुकानामागची खोली रिकामी करून रंगवली आहे. मधे जिना नाही. पुढच्या प्रयोगात तुझं नाव घातलं आहे (विचारलं नाही, तू तरी कुठे विचारलं होतंस?). गोलात एक खुर्ची वाढवली, ती तुझ्या गुडघ्याला सोसावी म्हणून जरा उंच केली आहे. परवा हॉर्न बसून बघत होते, त्यांचे पाय अधांतरी राहिले आणि उतरवायला दोघं लागले. तेव्हा ती दुसऱ्या कोणाच्याच कामाची नाही. भांडायला का होईना, ये.