मिठाचं पाणी

१४ मार्च, सकाळ

प्रिय चिमे,

मोठ्या भावाने आशीर्वाद लिहून सुरुवात करायची असते. आज तेवढा धीर होत नाही. मी बरा आहे. वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात, भाषण कमी करा आणि श्वास जास्त घ्या. तुझी वहिनी डबा ठेवते आणि तशीच मागे फिरते. तुझं प्लास्टर कधी निघणार?

आमच्या कारखान्यातला एक फिटर छातीत कळ येऊन तुझ्या इस्पितळात आला आणि मेला. तू डॉक्टर म्हणून नव्या औषधाचा जो अभ्यास करत होतीस, त्याच्या संमतीच्या कागदावर त्याची सही होती. मी, युनियनचा पुढारी, कारखान्याच्या फाटकावर गरजलो, ‘आपल्या माणसाला गुंगी देऊन मारलं!’ दोनशे माणसं पेटली.

तू मला आधीच समजावलं होतंस. तुंबलेली रक्तवाहिनी उघडली की परत धावून आलेलं रक्तच उपाशी हृदयाला जखमी करतं. आधी गुंगीचं औषध दिलं तर ती जखम कमी होते का, हे तू तपासत होतीस. फाटकावर मला हे आठवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

आम्ही इस्पितळात घुसलो तेव्हा पहारेकऱ्याचे दात फरशीवर सांडले. औषधांचं कपाट आडवं झालं. काचांवरून रक्ताळलेल्या पायांनी आमची माणसं पुढे गेली. मी थांबवत होतो म्हणे. खोटं आहे. सगळ्यांत पुढे मीच होतो, हातात गज घेऊन. तू दारात आडवी आलीस.

पोलिसांना तू सांगितलंस, दार हातावर आपटलं. मी सांगितलं, गोंगाटात काही ऐकू आलं नाही.

नवव्या दिवशी माझीच छाती आवळली. तुझा हात गळ्यात बांधलेला. मी म्हणालो, ते औषध मला दे.

“कुठून देऊ, दादा? बाटल्या तुम्हीच फोडल्यात. अभ्यास बंद पडलाय.”

माझी तुंबलेली रक्तवाहिनी औषधाशिवाय तशीच उघडली. रक्त आत घुसलं आणि हृदय पिसाळलं, दोनदा शॉक द्यावा लागला. आता ते निम्मंच चालतं. औषधाने वाचलं असतं का, असं मी नंतर विचारलं.

“माहीत नाही. तेच तर शोधत होते.”

चिमे, दारात तू म्हणाली होतीस, “दादा, त्याला औषध मिळालंच नव्हतं. तुलनेसाठी निम्म्या लोकांना आम्ही नुसतं मिठाचं पाणी देतो. त्याच्या वाट्याला तेच आलं.” मी शब्दन्‌शब्द ऐकला. पण पाठीशी दोनशे जण होते. त्यांच्याकडे वळून ‘मी चुकलो’ म्हणायला जीभ रेटेना, म्हणून हात उचलला. तुझं हाड मोडल्याचा आवाजही मी ऐकला.

अभ्यास पुन्हा सुरू झाला, तरी माझ्या त्या शब्दांमुळे एकही कामगार तुझ्या कागदावर सही करणार नाही. दुपारी पोलीस येतील, तेव्हा मी जबाब बदलणार आहे. तू दाराची गोष्ट आता सोडून दे. या पत्राची नक्कल कारखान्याच्या फाटकावर लावायला दिली आहे. तिथे माझ्या तोंडून त्यांनी बरंच ऐकलंय, आता हे वाचू देत.

आशीर्वाद नाही. मनगट जप.

सगळं ऐकू आलेला,
तुझा दादा