हौदातली भिंत

पौष शु. ३
जुन्नरात पुन्हा प्लेगचे उंदीर पडले. गाव रिकामं. म्युनिसिपालिटीने माळावर झोपड्या बांधून दिल्यात, त्यांतच सगळे. रहिवाशांच्या किरकोळ सोयींसाठी मंजूर झालेली रक्कम कमिटीने माझ्या हाती दिली. आधी पाण्याचा हौद, उरेल त्यात कंदील आणि शनिवारचं भजन.
घडीव दगड कुठून आणायचा? बशीरभाई आपण होऊन आला. गिरणीच्या कागदापुढे त्याचा चिंध्या कुजवून हातकागद करायचा कारखाना बंदच. म्हणाला, “गणूभाऊ, माजा हौद फोडून न्या. कागद तर निगंना, मान्सांला तरी पाणी मिळू द्या. पर सगळ्यांला हां!”
म्हटलं, सगळ्यांनाच.

पौष शु. ९
हौद झाला. मोटेचं पाणी सोडलं. पहिली घागर बशीरभाईच्या बायकोने भरली. छाती फुगली माझी, उगाच का खोटं लिहू.

पौष शु. १०
आमच्या काकूने घागर रिकामीच परत आणली. “त्या दगडात त्यांनी चिंध्या कुजवल्या. वर त्यांचीच घागर बुडती. आमी न्हाई पिणार.” शेजारच्या झोपड्याही तिच्या बाजूने. मोटेचं चामडं चालतं, ते कुणाला आठवेना. मलाही ते बोलवेना. म्हणालो, “बघतो.”

पौष शु. १२
गवंड्याला सांगितलं, हौदात मधे भिंत घाल. खर्च कंदील-भजनाच्या पैशातून. आणि मी सकाळीच डिंगोऱ्याला गेलो. काम होतं म्हणून सांगितलं. काम नव्हतं. दिवसभर एका ओळखीच्याच्या ओट्यावर बसून राहिलो. शरम.

पौष शु. १३
भिंत उभी. आमची बाजू भरली की वरच्या भोकातून पलीकडे पाणी जाणार. आमची बाजू भरतेच कुठे! पलीकडे कोरडं, पालापाचोळा.
बशीरभाई वाटेत भेटला. “डिंगोऱ्याचं काम झालं का, रावसाहेब?”
रावसाहेब! तालमीतल्या मातीत एकत्र लोळलो आम्ही. तेव्हापासून गणूभाऊ होतो.

पौष व. १
उद्या मामलेदार झोपड्या बघायला येणार. दगड देणाऱ्याचा सत्कार व्हावा, असं कमिटीचं म्हणणं. बोलवायला मलाच जावं लागलं. बशीरभाईची बायको कुकडी नदीवरून डोक्यावर घागर घेऊन येत होती. मान वर करवेना.
त्याने बसायला घोंगडी टाकली, तांब्या पुढे केला. “नदीचं हाय. चालंल का तुमाला?”
पोरपणी काकूच्या चोरून त्याच्या कारखान्यातल्या रांजणाचं पाणी ओंजळीने प्यायचो. त्यालाही आठवत असणार. तांब्या घेतला, प्यायलो. सत्काराचं न बोलताच उठलो.
घरी येऊन पहार शोधली, दाराशी उभी केली. मामलेदार यायच्या आत, पहाटेच ती भिंत…
काकूने बघितलं. “पहार कशाला रं काढली?”
म्हणालो, “बघतो.”