भावाच्या आवारातील सुरय पक्ष्यांना तातडीने संरक्षण मिळण्याबाबत

प्रति,
मा. पक्षी संरक्षण अधिकारी,
किनारा विभाग कार्यालय.

विषय : थोरल्या बंधूंच्या होडी दुरुस्ती आवारात सुरय पक्ष्यांनी अंडी घातल्याने ते आवार हंगामभर बंद करणेबाबत.
संदर्भ : माझे आवार बंद करणारा आपला गेल्या हंगामातील आदेश.

महोदय,

१. मी होड्या दुरुस्त करतो. थोरले बंधूही तेच करतात. वडिलांच्या आवारात मधोमध भिंत घालून आम्ही वेगळे झालो. गेल्या वर्षी माझी पत्नी रुग्णालयात असताना बंधूंनी माझ्या आवारातील चिखलावर शिंपल्यांच्या चुऱ्याची भर टाकून दिली. “तुझं-माझं काय रे त्यात,” असे ते म्हणाले. वाटणीनंतरचा हा त्यांचा पहिलाच उपकार, त्यामुळे मी गहिवरलो.

२. सुरय थंडी सरताच किनाऱ्यावर येतो, घरटे बांधत नाही, उघड्यावरच्या शिंपल्यांच्या चुऱ्यात खळगा करून अंडी घालतो, हे मला ठाऊक नव्हते. बंधूंना होते. अंडी दिसताच त्यांनी आपल्याकडे तक्रार केली, आपण माझ्या आवाराभोवती बंदीची दोरी बांधली, आणि दुरुस्तीच्या ऐन दिवसांत माझी सगळी गिऱ्हाइके भिंतीपलीकडे गेली. ती परत आली नाहीत.

३. हात रिकामे असल्याने मी हंगामभर पक्षी पाहिले. नर मासा आणून मादीला देतो. दोघे आळीपाळीने अंड्यांवर बसतात, उन्हात पोटाची पिसे भिजवून आणून अंडी गार ठेवतात. अंडी गेली तर पुन्हा घालतात, म्हणजे बंदी लांबते. ही सवय मला विशेष आवडली.

४. यंदा बंधू गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होते. उपकाराची फेड म्हणून मी त्यांच्या आवारात तसाच चुरा पसरला. वहिनींनी चहा दिला आणि “दीर असावा तर असा” म्हणाल्या. माझ्या आवारात मी कुत्रा बांधला. पक्षी आले आणि शहाण्यासारखे पलीकडे उतरले. जवळ जाणाऱ्याच्या टाळूवर ते झडप घालतात, म्हणून वहिनी हल्ली डोक्यावर पातेले घेऊन कपडे वाळत घालतात. चुरा कोणी टाकला, हे आपण गेल्या वर्षी विचारले नव्हते. यंदाही विचारू नये. करावे तसे भरावे.

५. दोरी मला बांधू द्यावी. हातोडा व रंधा यांसोबत बंधूंच्या खोकल्यावरही बंदी असावी. ते मुद्दाम मोठ्याने खोकतात.

६. काल बंधू काठी टेकत माझ्या दारात आले. “चुकलं माझं. भिंत पाडू, दोघं मिळून करू,” म्हणाले. मला पोहायला त्यांनीच शिकवले होते, आणि कालपासून असले नको ते आठवते आहे. वर्षभर जपलेला राग हातून सुटू पाहतो आहे. तो आहे तोवर, म्हणजे आजच, आदेश काढावा. उद्या मी हा अर्ज मागे घ्यायला आलो, तर कृपया मला कार्यालयात घेऊ नये.

आजच्या दिवसापुरता ठाम, आपला नम्र,
(सही)
धाकटा होडी कारागीर
दिनांक : आजचाच

सोबत : मागील आदेशाची प्रत; अंड्यांचे छायाचित्र (भिंतीवर चढून काढलेले).