डोळ्यांतली पिवळी शेड

३ फेब्रुवारी

फोरमनने आज नमुन्याची पट्टी सोडून माझ्याकडेच बघितलं. “साहेब, डोळे पिवळे दिसतायत.” मी म्हटलं, शेड तपासायच्या पेटीतला दिवा खराब झालाय, बदला!

मग हळूच आरशात जाऊन आलो. सव्वीस वर्षं रंगाच्या कारखान्यात शेड जुळवतोय, स्वतःला काय फसवणार? फिका लिंबू, कडेला किंचित हिरवट. पांढऱ्याच्या डब्यात हा रंग निघाला असता तर गिऱ्हाइकाने डबा परत आणून आपटला असता.

आई जाऊन आठ महिने झाले. कुलूप उघडताना अजून तोंडातून “आलो गं” निघतं. चहा केला, प्यायलो, आडवा झालो. एकट्यासाठी भांडी कोण खरकटी करणार.

५ फेब्रुवारी

पॅकिंगमधले दोघे. मी मागे उभा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. “एकटा माणूस, संध्याकाळी दुसरं काय करणार?” आणि अंगठा तोंडाकडे. मी आयुष्यात चव घेतलेली नाही! पण सांगणार कोणाला? सांगितलं की जास्तच खरं वाटतं.

६ फेब्रुवारी

बाबांचे डोळे असेच व्हायचे. नको म्हटलं तरी दिवसभर तेच आठवत राहिलं.

मी एकोणीस वर्षांचा. बाबांचा कारखाना बंद पडून सात महिने झाले होते. दिवसभर काम शोधत फिरायचे. संध्याकाळी आम्ही ताटावर बसलो की म्हणायचे, “तुम्ही बसा, मी खाऊन आलोय.” आई म्हणायची, “घरात ही ओढाताण, आणि यांना बाहेर खायला-प्यायला मिळतंय!” प्यायला यावर जोर. तोंडाला वास कधीच आला नाही. “वास न येणारीही मिळते,” आई म्हणायची. डोळे तर सगळ्या जिन्याला दिसत होते.

“थेंबही घेतलेली नाही.” एकदाच म्हणाले. पुन्हा नाही. मी त्यांची ट्रंक उचलून जिन्यात नेऊन ठेवली. आईने नाही, ताईने नाही – मी! त्याला तेहतीस वर्षं झाली.

बरोबरच केलं मी.

११ फेब्रुवारी

रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. वयाने माझी मुलगी शोभेल अशी, पण शांतपणे समजावून सांगते. लिव्हर ठणठणीत! रक्तातल्या म्हाताऱ्या पेशी मोडतात, त्यातून एक पिवळा पदार्थ निघतो. तो पाण्यात विरघळत नाही. लिव्हर साखरेपासून एक आम्ल बनवतं आणि ते त्याला जोडून देतं. जोड मिळाली की तो विरघळतो, पित्ताबरोबर बाहेर पडतो. “तुमच्याकडे ही जोडणी जन्मापासून जरा मंद चालते. आजार म्हणावा असा नाही.” काही बाळांमध्ये ती होतच नाही, त्यांना तासन्‌तास निळ्या उजेडाखाली ठेवावं लागतं. बरीच औषधंही शरीर असंच आम्ल जोडून बाहेर काढतं, म्हणून कुठलंही नवीन औषध घेताना हे आधी सांगायचं. हेच आम्ल सांध्यांच्या वंगणातही असतं म्हणे.

“म्हणून माझे गुडघे वाजतात?”

“ते वयामुळे.”

मग एकदम म्हणाली, “जेवण वेळेवर होतं?” हो म्हटलं. ती डोळ्यांकडे बघत राहिली. “उपाशी राहिलं की हा पिवळेपणा वाढतो. घरात आणखी कोणाचे डोळे असे होते का?”

मी विचारलं, “हे दारूमुळे नाही?”

“दारूचा काही संबंध नाही.”

पुढे काय म्हणाली ते ऐकूच आलं नाही. टोपी तिथेच विसरून आलो.

१२ फेब्रुवारी

उपाशी राहिलं की वाढतो.

१४ फेब्रुवारी

खाऊन आलोय – कुठे? कोण वाढत होतं त्यांना? सात महिने! आणि आम्ही तिघं जेवत होतो. मी तर दोन-दोनदा वाढून घेत होतो. “अजून घे,” तेच म्हणायचे. मी घेतलं. पोटभर खाऊन उठलो आणि त्यांना बाहेर काढलं.

मला माझीच किळस आली.

ताईला फोन केला. त्यांचा पत्ता आहे का? “आहे. दर वर्षी जाते मी. तुला सांगितलं असतं तर आईला कळलं असतं.” काही बोलतात का माझ्याबद्दल, रागाने? “रागाने कधीच नाही रे,” म्हणाली आणि रडायला लागली. मग तिला रिपोर्ट वाचून दाखवला, डॉक्टरीणबाई उपाशी राहण्याबद्दल काय म्हणाली तेही सांगितलं. तिने फोन ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा केला, पत्ता सांगायला.

१९ फेब्रुवारी

तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. माफी मागायची तर सुरुवात कुठून करू? रिपोर्टची झेरॉक्स काढून ठेवली आहे. तोंडाने नाही जमलं तर तीच पुढे करायची. त्यांनी दार लावून घेतलं तर? लावलंच पाहिजे, मी असतो तर लावलं असतं.

घास उतरत नाही. पेटीतल्या दिव्याखाली आज फोरमन पट्टी धरून बसला होता, मी फक्त मान हलवली.

२२ फेब्रुवारी

जाऊन आलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची खोली. दार त्यांनीच उघडलं. केवढेसे झालेत! डोळे मात्र स्वच्छ पांढरे. मी खिशात हात घातला, पण रिपोर्ट बाहेर निघेना. ते माझ्या डोळ्यांत बघत राहिले.

“किती दिवस जेवला नाहीस?”

“खाऊन आलोय.”

“ते मला नको सांगूस,” म्हणाले, आणि दुसरं ताट काढलं.