बाबांचा अर्धा राहिलेला नकाशा

मंगळवार, संध्याकाळ. एकोडी.

डोळे चुरचुरून राहिले. सुट्टी घेतली आराम कराले, आणि दिवस गेला एका ओळीत: ‘डिस्प्ले सापडत नाही.’

बाबांनी नव्या घराचा नकाशा ज्या प्रोग्राममध्ये अर्धा काढून ठेवला, तो लिनक्स या संगणक-प्रणालीच्या जुन्या आवृत्तीशिवाय चालत नाही. म्हणून ते लिनक्स माझ्या लॅपटॉपवर कंटेनरमध्ये, म्हणजे एका वेगळ्या बंद कप्प्यात, बसवलं. पण कंटेनरला स्क्रीनच नाही, तर नकाशा दिसणार कुठं? पुन्हा तीच ओळ. बाबा सकाळपासून बाजूच्या खुर्चीवर. "होऊन राहिलं का बाई?" शेवटी मी खेकसलेच त्यांच्यावर. काहून असं करते मी?

मग कंटेनरच्या आतच डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे खोटी स्क्रीन तयार करणारा प्रोग्राम, चालवला आणि त्याचं चित्र ब्राउझरमध्ये आणलं. नकाशा उघडला!

"बाबा, पाहा नं!"

ते वाकले, पार नाक स्क्रीनला टेकेपर्यंत. नजर कमी झाली हे मले ठाऊक होतं. इतकी, हे नव्हतं.

"मले रेघा दिसत नाही बाई," ते हळूच म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढली. "माउस तू धर. मी सांगतो तशी काढ."

मान मोडून आली आहे. पण स्वयंपाकघराची भिंत आज दोघांनी मिळून पुरी केली.